दुपारच्या तीन पोळ्या

रायपूरला आल्यावर पहिली दोन वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारत फिरत होते, की काल दिवसभरात काय काय खाल्लंत. मोठी आणि म्हातारी माणसं देशभर काय खातात याची एक पाहणी निघाली होती आणि नव्या राज्यातल्या तुकडीत मला जागा मिळाली होती. माझ्याजवळ नागपूरची गृहविज्ञानाची पदवी होती, एक जुनी स्कूटी होती आणि घरात पाय ठरत नव्हता. नेमणूक बहुतेक या तिसऱ्या गुणावरच झाली असावी. पोरीच्या पायाला भिंगरी आहे असं माझी आई येईल त्याला सांगायची, आणि ते कौतुक नसायचं.

राज्य नवं, राजधानी नवी, त्यामुळे शहरात कुणीच नीट टेकलेलं नव्हतं. कार्यालयं उसन्या इमारतींत होती. नवऱ्याच्या ऑफिसची पाटी तर आमच्यादेखत तीनदा हलली. तो नकाशे काढायचा, जे शहर अजून व्हायचं होतं त्याचे. आम्ही तेलीबांध्याला तलावाच्या मागच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खालून दिवसभर वाळूचे ट्रक जायचे आणि भांड्यांवर धूळ बसायची. घरात तिघं होतो, तो, मी आणि माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर अमरावतीकडचं गाव सोडून त्या आमच्याबरोबर आल्या होत्या. तिथल्या शेजारणींची त्यांना आठवण येत असणार, पण त्या तसं कधी बोलल्या नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. मला वेळच नसायचा.

माझ्या कामाच्या पिशवीत चार मापांच्या वाट्या, तीन पेले, दोन चमचे, पोळीच्या आकाराचे पुठ्ठ्याचे गोल आणि एक वजनकाटा असे. ही पिशवी घेऊन दारात उभी राहिले की लोकांना मी भांडी विकायला आलेय असं वाटायचं. पंडरीत एका कापडवाल्याच्या बायकोनं सगळ्या वाट्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, यांना झाकणं का नाहीत. मी तिला पाहणीचं सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की मला हसावं की चिडावं कळेना. मी चिडले. मला ते जास्त जमतं.

पद्धत सोपी होती. माणसाला समोर बसवायचं, काल उठल्यापासून आज उठेपर्यंतचे चोवीस तास त्याच्याबरोबर हळूहळू चालायचं, आणि वाटेत तोंडात गेलेलं सगळं माप दाखवून लिहून घ्यायचं. वरण होतं तर या वाटीनं की त्या वाटीनं? काठोकाठ की थोडी कमी? ऐकायला सोपं वाटतं, करताना घाम फुटतो. शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना तर काल म्हणजे कुठला हेच सांगता यायचं नाही. सकाळी झोपून दुपारी उठलेला माणूस, त्याचा काल कुठे संपला? पाऱ्यापाऱ्यांतल्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांतल्या, म्हाताऱ्या बायका बासीचं नाव लपवायच्या. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याबरोबर खायचा, ती बासी. घड्याळ लावलेल्या बाईसमोर ते सांगायची त्यांना लाज वाटायची, म्हणून त्या चहा-रोटी सांगायच्या. आमच्या तुकडीतली एक छत्तीसगढी बाई, जिला सगळे दीदीच म्हणायचे, तिनं मला शिकवलं की आधी आपणच म्हणायचं, मला बासी फार आवडते. मग त्या हसायच्या आणि हव, म्हणजे हो, म्हणून सगळं खरं सांगायच्या, भातावरचं पाणी प्यालं तेसुद्धा.

आमचे साहेब निवृत्तीला आलेले होते. आयुष्यभर हीच कामं केलेली, आवाज कधी चढत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एक गोष्ट बजावली होती.

"क्या पका, मत पूछिए. मुँह में क्या गया, वो पूछिए."

मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

आता घरचं सांगते. सासूबाई वाळत चालल्या होत्या. रायपूरला आल्या तेव्हा अंगानं भरलेल्या नव्हत्याच, पण वर्षभरात पोलक्याच्या बाह्या लोंबू लागल्या, बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, आणि पाठीमागून पाहिलं तर मानेखालचं हाड दिसे. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, फोटो काढून झाला. काहीच निघालं नाही. डॉक्टरनी विचारलं, जेवण कसं आहे? त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच घडाघडा सांगितलं, सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय, किती वाट्या. माझा विषयच होता तो. डॉक्टर म्हणाले, एवढं खातात तर मग वयच असेल.

दिवाळीला नणंद नागपूरहून आली. दारातच आईला पाहून तिचा चेहरा उतरला. जेवताना म्हणाली, आई इतकी वाळली आणि तुम्ही दोघांनी मात्र चांगलं बाळसं धरलंय. हसतच म्हणाली, पण मी पुढची पोळी घेतली नाही. खरं होतं ते. नवऱ्याच्या शर्टाची बटणं ताणली होती आणि माझ्या सलवारीची नाडी आखूड पडायला लागली होती. गाडीत बसताना नणंदेनं भावाला बाजूला घेतलं. ती काय बोलली ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, पण पुढे चार दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. सून उपाशी ठेवते, हे वाक्य कुणी उच्चारलं नसताना मला दिवसभर ऐकू यायचं. आणि त्याच्याही खाली दुसरी भीती होती, साधी. ही बाई माझ्या डोळ्यांसमोर संपत चाललीये आणि मला कारण कळत नाही.

कारण मी तर पहाटे पाचला उठत होते. त्याचा डबा, माझा डबा, आणि ओट्यावर सासूबाईंचं दुपारचं झाकून ठेवलेलं: तीन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, थोडा भात. माझं सगळं मापून असे. माणशी पोळ्या किती, डाळ किती, हे मी शिकलेली होते आणि त्याचा मला गर्वही होता. माझ्या घरात शिळं उरत नाही, हे मी माहेरी जाऊन सांगायची. संध्याकाळी मी धुळीनं माखून परत यायचे तेव्हा सासूबाईंनी रात्रीचा स्वयंपाक केलेला असे. आम्हाला ताटं वाढायच्या, तूप लावून गरम पोळ्या आणून टाकायच्या, एक घे वं अजून, म्हणून मागे लागायच्या. मला दिवसभर पोटात काही नसायचं, मी घ्यायचे. तोही घ्यायचा. त्या आमच्याबरोबर बसत नसत, मागून बसते म्हणायच्या. मी हात धुऊन लगेच दिवसभराचे फॉर्म पूर्ण करायला बसायची, कारण ते सकाळी द्यावे लागत. दारातून आत येताना मी रोज त्यांना विचारायचे, आई, जेवल्या ना दुपारी? त्या रोज म्हणायच्या, जेवली ना वं.

साहेबांनी एकदा टूम काढली. प्रत्येकानं आपल्या घरातल्या एका वयस्कर माणसाचा फॉर्म नियमाप्रमाणे भरून आणायचा आणि त्याच माणसाला त्याच दिवशी तुकडीतल्या दुसऱ्यानं जाऊन पुन्हा विचारायचं. दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून पाहायचे. मला त्या सकाळी आधीच उशीर झाला होता. वजन तेवढं मी घेतलं होतं, सासूबाईंना काट्यावर उभं करून. एकोणचाळीस किलो, लुगड्यासकट. बाकीचा फॉर्म मी चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभ्यानंच, आकडे मोठ्यानं म्हणत भरला. त्यांना विचारलं नाही. कशाला विचारायचं? दुपारचं मीच रांधलेलं होतं आणि रात्रीचाही शिधा मीच मापून काढत होते. दुपारी पोळ्या तीन, वरण तिसऱ्या मापाची वाटी, दोडक्याची भाजी, भात एक वाटी. रात्री पोळ्या तीन. दूध अर्धा पेला.

दुपारी दीदी आमच्या घरी जाऊन आली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर दोन फॉर्म होते, एक माझ्या अक्षरातला, एक दीदीच्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि दोन्ही फॉर्म माझ्यापुढे सरकवले. मी वाचून पाहिलं. तीन पोळ्या, तीन पोळ्या. तिसरी वाटी, तिसरी वाटी. दुधाच्या अर्ध्या पेल्यापर्यंत सगळं तंतोतंत. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

साहेब म्हणाले, एकाच माणसाला दोनदा विचारलं तर उत्तर जरासं तरी हलतं. हे हललंच नाही. मग त्यांनी वजनाच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"और इतना खानेवाली औरत उनतालीस किलो की नहीं होती, मैडम."

माझी कानशिलं तापली. त्यांनी दीदीलाही आत घेतलं. दीदी माझ्याकडे न पाहता म्हणाली की तुझी सासू पाठ केल्यासारखं सांगत होती, मधे थांबून दोनदा विचारलं, सुनेच्या नोकरीला याच्यानं काही होणार नाही ना? दीदीला ते तेव्हाच खटकलं होतं, पण म्हाताऱ्या बाईला उलट काय विचारायचं म्हणून तिनं लिहून घेतलं. साहेब माझ्यावर रागावले नाहीत. रविवारी घरी बसून हा फॉर्म पुन्हा, नीट, सगळी मापं मांडून भरून आणा एवढंच सांगितलं. आणला नाही तर तुमचे आजवरचे सगळे फॉर्म मला बाजूला काढावे लागतील, हेही त्यांनी त्याच शांत आवाजात सांगितलं.

घरी जाताना स्कूटीवर मी वाटभर पुटपुटत होते. राग साहेबांचा होता, दीदीचा होता, पण सर्वात जास्त सासूबाईंचा. मला तोंडघशी पाडलं असं वाटत होतं. तलावाजवळ वळताना एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला आणि मी त्याच्यावरही खेकसले.

रविवारी सकाळी मी चटई टाकून वाट्या, पेले, पुठ्ठ्याचे गोल मांडले आणि सासूबाईंना समोर बसवलं. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत होता. त्यांना गंमत वाटत होती. सगळ्यात लहान वाटी उचलून म्हणाल्या, हे कायले, पाखराले पाणी पाजाले? मी हसले नाही. काल सकाळी उठल्यापासून सांगा म्हटलं. चहा सांगितला. कप दाखवला, कुठपर्यंत ते बोटानं दाखवलं. मग मी दुपार विचारली. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग त्यांनी मला विचारलं:

"खरं सांगू का लिवाले सांगू?"

खरं, मी म्हटलं. पेन माझ्या हातात होतं ते मी घट्ट धरलं.

"दुपारी चहा घेतला. अन् दोन टोस."

मी म्हटलं, मग तीन पोळ्या? वरण? भाजी? त्या म्हणाल्या, ते ठेवलं. कुणासाठी? तर म्हणाल्या, येईल कोणी म्हणून. मग हळूहळू सगळं बाहेर आलं, आणि त्या ते अशा सांगत होत्या जसं आपलंच काही चुकलं असावं. गावी असताना सासरे दुपारी एकला घरी येत. ते जेवले, त्यांचे स्वतःचे सासू-सासरे होते तोवर ते जेवले, आलं-गेलं जेवलं, की मग त्या बसायच्या. लग्न झाल्यापासून असंच. घरातल्या कुणाच्या आधी ताटावर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती, एकटीनं बसायची तर नाहीच. इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात नवरा त्यांना म्हणाला होता, ऑफिस जवळ आहे, मी दुपारी जेवायला येत जाईन. चार दिवस आला. मग ऑफिसची पाटी हलली. त्या मात्र थांबत राहिल्या. एक वाजायचा, दोन वाजायचे, भूक मरून जायची, मग चहा टाकायच्या. जेवण टाकून देववत नसे. संध्याकाळी त्या पोळ्यांना तूप लावून तव्यावर गरम करायच्या, नव्या तेवढ्या कमी लाटायच्या, वरणाला वरून फोडणी द्यायच्या, आणि आमच्या ताटात वाढायच्या.

मी विचारलं, आणि रात्री तुम्ही काय जेवता?

"उरन ते."

उरत नव्हतं. माझ्याच घरात काही उरत नव्हतं. गावच्या घरी दोन पोळ्या नेहमी जास्तीच्या पडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, आणि शेवटी बसणाऱ्या बाईचं पोट त्या जास्तीच्यावर भरायचं. मी सगळं मापून आणलं होतं, माणशी तीन. तो दमून आला म्हणून एक जास्त, मी भुकेली म्हणून एक जास्त, त्या आग्रह करणार आणि आम्ही खाणार. मागे कधी एक राहायची, कधी अर्धी, कधी भांड्याला लागलेला भात. वर्षभर मी या बाईचं दुपारचं जेवण रात्री बसून जेवत होते. फॉर्मवर मी त्यांच्या नावानं लिहिलेल्या त्या तीन पोळ्या माझ्या पोटात होत्या.

मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, मी काय राक्षस आहे? रोज विचारत होते ना मी तुम्हाला, रोज, दारातून पाय आत टाकता टाकता? त्या घाबरल्या नाहीत. माझ्याकडे पाहून अगदी सरळ म्हणाल्या:

"तू जेवल्या का ते इचारायची. काय जेवल्या ते कुठं इचारलं?"

नवरा दारात येऊन उभा होता. कधीपासून होता माहीत नाही. तो आईला म्हणाला, मी चारच दिवस आलो होतो. त्या म्हणाल्या, हो, मले मालूम हाय. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो परत आत गेला. मी फॉर्म भरला. दुपार: चहा एक कप, टोस दोन. रात्र: पोळी एक, वरण सर्वात लहान वाटी, अर्धी. अक्षर वेडंवाकडं आलं, पण मी दुसरा कागद घेतला नाही.

सोमवारी साहेबांनी तो फॉर्म वाचला आणि चष्मा काढून ठेवला. मला विचारलं की म्हाताऱ्या बायकांचे तुमचे बाकीचे फॉर्म कुणी सांगितलेत? उत्तर मला त्याच क्षणी कळलं. अर्ध्याअधिक घरांत मी म्हातारीला विचारलं होतं आणि उत्तर स्वयंपाकघरातून सुनेनं दिलं होतं. म्हातारी मान हलवायची. सुना खोटं बोलत नव्हत्या. जे रांधलं ते सांगत होत्या, माझ्यासारखंच. पुढचा महिनाभर मी ती घरं पुन्हा पालथी घातली, सुनांना बाहेर पाणी आणायला, शेजारी निरोप द्यायला पाठवून. काही जणी चिडल्या. काही म्हाताऱ्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मला ते खरं वाटलं. काहींनी वेगळंच सांगितलं. पंडरीतल्या त्या कापडवाल्याच्या घरी एक आजी होती, तिनं माझा हात धरून ठेवला आणि शेवटपर्यंत काहीच बोलली नाही. तो फॉर्म मी कोरा दिला.

घरी मात्र काही केल्या सुटेना. मी समजावलं, रागावले, शपथ घातली. आमच्याआधी जेवा, निदान आमच्याबरोबर जेवा. त्या हो म्हणायच्या. रात्री आमच्याबरोबर ताट घेऊन बसायच्या, पण हात ताटात ठेवून आमच्याकडे पाहत राहायच्या. आमचं होत आलं की मग पहिला घास. मी जास्तीच्या पोळ्या करू लागले तेव्हा रात्रीचं तरी सुधारलं. दुपार तशीच राहिली. एक वाजता मी कुठल्या तरी चौकातल्या फोनबूथवरून फोन करायची, आई, काय जेवल्या? त्या पोळ्या सांगायच्या, वाट्या सांगायच्या. मागे रांगेतला माणूस घड्याळ पाहत असे. मला पटायचं नाही आणि त्यांना पुढे काय विचारावं तेही कळायचं नाही.

शेवटी मी साहेबांना सांगितलं आणि त्यांनी मला जवळची घरं दिली. एक वाजता मी जिथे असेन तिथून स्कूटी पळवत घरी यायची. ताट घेऊन बसायची, हेल्मेट शेजारी ठेवून. मी चार घास खाल्ले की त्या समोर आपलं ताट ओढायच्या. दहा मिनिटांत मी परत रस्त्यावर. नवरा हसायचा, तू जेवायला येत नाहीस, सुरुवातीची शिट्टी मारायला येतेस. हिवाळा संपेपर्यंत सासूबाई त्रेचाळीस किलो झाल्या. पण मला साडेबारा वाजले की काही सुचेनासं व्हायचं. समोरची म्हातारी आपल्या न्याहारीचं सांगत असायची आणि मी खिडकीबाहेर स्कूटीकडे पाहत असायची.

एकदा उरला वसाहतीतली घरं करायला माणूस नव्हता म्हणून मला जावं लागलं. रात्रपाळीवाले उठायची वाट पाहण्यात दुपार गेली. एक घर असं होतं की मला पोहे खाल्ल्याशिवाय त्यांनी सोडलंच नाही, आणि मीही खाल्ले, बशीभर, वर जिलेबी. घरी फोन केला, उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या. हो म्हणाल्या. येताना पुलाखाली ट्रक आडवा झालेला. घराचा जिना चढले तेव्हा चार वाजत आले होते.

त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर दोन ताटं, एकावर एक उपडं घातलेलं. मी म्हटलं, जेवल्या नाहीत ना? त्यांनी नाही म्हणून मान हलवली, या वेळी लिवायसारखं काही सांगितलं नाही. ओठ सुकलेले होते, आवाज खोल गेला होता. मी खाली बसले आणि मला रडू फुटलं. म्हटलं, आई, मी कुठे कुठे पुरी पडू? एखाद दिवशी तरी आपल्या हातानं जेवून घ्या हो.

"आधी तू बस," त्या म्हणाल्या.

मी ताटं सुटी केली. वरणावर साय धरली होती. भात मी त्यांच्या ताटात वाढायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला. भात राहू दे, म्हणाल्या, तो येईल ना संध्याकाळी. मी ऐकलं नाही. सगळं पातेलं मी त्यांच्या ताटात उलटं केलं, वरण ओतलं, तूप घातलं. तो आला की त्याच्यासाठी दुसरा लावीन, म्हटलं. त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं. मग बोटांनी त्याचे सरळ दोन भाग केले, अर्धा भात माझ्या ताटात सरकवला, आणि हात ताटाच्या काठावर ठेवून माझ्याकडे पाहत थांबल्या. गळ्यापर्यंत पोहे आले होते. मी भात कालवला आणि जेवले.